पप्पांच्या कबरीचा दगड केला त्या कामठी रोडच्या दुकानाबद्दल

चार स्टार देऊन राहिली आहे. पाचवा का नाही दिला ते खाली येईलच, पण नागपुरात कोणाला कबरीचा दगड करायचा असेल तर गड्डीगोदामचा तो चार मजली पूल ओलांडून कामठी रोडला लागा आणि आतल्या गल्लीतल्या या दुकानात आधी जाऊन या, मग बाकीकडे भाव विचारा. कबरीचा दगड काही रोज विकत घ्यायची वस्तू नाही, काय विचारायचं, कुठे फसवतात, किती थांबायचं हे घरात कोणालाच माहीत नसतं आणि नेमकं तेव्हाच सगळ्यांची डोकी सुन्न असतात. म्हणून सविस्तर लिहिते, लांबलं तर सांभाळून घ्या.

दगड माझ्या पप्पांचा. पप्पा नागपूर शहर पोलिसात होते. शिपाई म्हणून लागले, मग नाईक, मग हवालदार, शेवटी एएसआय म्हणजे सहायक पोलीस उपनिरीक्षक, आणि २०२० मध्ये ५८ पूर्ण झाल्यावर रिटायर. कोरोनाचं वर्ष, त्यामुळे निरोप समारंभ नाही, भाषणं नाहीत, ठाण्यात चार लोकांनी मास्क लावून शाल-श्रीफळ दिलं आणि पप्पा स्वतःच्या गाडीवर एकटे घरी आले. २०२४ च्या फेब्रुवारीत हार्ट अटॅकने गेले. जरीपटक्याच्या ख्रिस्ती कबरस्तानात माती दिली. त्या दिवशी कबरस्तानात कोण कोण आलं होतं हे आठवलं तरी आजही मला भरून येतं. आमची मंडळी, म्हणजे चर्चचे लोक, तर होतेच, खात्यातले लोक होते, पण सीताबर्डीवर हातगाडी लावणारे दोघं होते, मंगळवारी बाजारातल्या भाजीवाल्या मावशी होत्या, दीक्षाभूमीच्या बंदोबस्तात ओळख झालेले समता सैनिक दलाचे एक काका होते, त्यांना तर आम्ही कोणी ओळखतही नव्हतो, त्यांनी स्वतःच येऊन सांगितलं की जमादार साहेब आणि मी दर दसऱ्याला एकाच गेटवर उभे राहायचो.

आधी आम्ही दुसऱ्या एका दुकानात गेलो होतो, नाव घेत नाही. तिथे गुळगुळीत कॅटलॉग समोर टाकला, सगळा इंग्रजीत, पंखवाले देवदूत, उघडं पुस्तक, हात जोडलेले, नंबर सांगा आणि अ‍ॅडव्हान्स भरा. माणूस कोण होता, काय करायचा, एक शब्द विचारला नाही. मराठीत लिहायचं म्हटल्यावर कॉम्प्युटरवर काहीतरी टाइप करून प्रिंट काढून दिली, त्यात जोडाक्षरं सगळी फुटलेली, हलंत वेगळाच लोंबकळतोय, रफार भलत्या अक्षरावर. आणि वरून हुद्दा लिहिला "पोलीस इन्स्पेक्टर". आई म्हणाली हे इन्स्पेक्टर नव्हते, एएसआय होते. तर काउंटरवरचा पोरगा म्हणतो काकू काय फरक पडतो, मोठं दिसते. आई तिथून उठलीच. त्या एका स्टारसाठी पप्पांनी किती वर्षं काढली हे तिने पाहिलं होतं, खांद्यावर एक स्टार आणि लाल-निळी फीत लागली त्या दिवशी तिने स्वतः इस्त्री केलेला शर्ट होता तो, तिला न कमावलेले स्टार नको होते.

मग पास्टर साहेबांनी या दुकानाचं नाव सुचवलं. दुकान म्हणजे बाहेरून काहीच नाही, पत्र्याचं शेड, आत कापायचं मशीन, सगळीकडे पांढरी धूळ, उभे करून ठेवलेले दगड. पण नीट पाहिलं तर त्यात बुद्धविहाराची पाटी आहे, एका मशिदीच्या देणगीदारांचा फलक आहे, कोण्या गावच्या हनुमान मंदिराचा पायरीचा दगड आहे, आणि मधात दोन क्रॉस. कारागीर काका साठीच्या पुढचे, त्यांचे वडीलही हेच काम छन्नी-हातोडीने करायचे. मुलगा मशीन चालवतो पण अक्षरांची आखणी अजून काकाच करतात.

पहिल्या भेटीत त्यांनी दगड दाखवलाच नाही. आधी विचारलं, माती केव्हा दिली. फेब्रुवारी म्हटल्यावर म्हणाले, "ताई, घाई नका करू. तिथची माती काळी आहे, एक पावसाळा पिऊ द्या तिले पाणी, मंग बसते ती. आता दगड ठेवला तं दिवाळीपर्यंत वाकडा होते, मंग तुम्ही मलेच शिव्या द्यान."

हे कोणीच सांगत नाही बघा. आपल्या विदर्भातली काळी माती पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, त्यात नवीन कबरीची माती तर भुसभुशीतच असते, ती वर्षभर खचत राहते. त्या कबरस्तानात फिरून बघा, कितीतरी चांगले महागाचे दगड एका बाजूला कलले आहेत, काही मधोमध तडकले आहेत. काकांच्या पद्धतीत आधी वरची माती काढून मुरूम भरून ठोकतात, त्यावर गिट्टी-सिमेंटचा थर, आणि तो थर कबरीच्या खड्ड्याच्या बाहेरच्या पक्क्या जमिनीवर टेकेल एवढा लांब घेतात, म्हणजे आतली माती खचली तरी वजन बाहेरच्या जमिनीवर राहतं. उभा दगड खालच्या दगडात स्टीलच्या रॉडने बसवतात, नुसता सिमेंटने चिकटवत नाहीत. आम्हाला विकायची घाई असती तर त्याच दिवशी अ‍ॅडव्हान्स घेतला असता, द्यायलाही आम्ही तयार होतो, पण पावसाळा होऊ द्या म्हणून परत पाठवलं. तोवर कबरीवर लाकडाचा क्रॉस होता, मंडळीतल्या सुतार काकांनी करून दिलेला.

दगडाबद्दलही त्यांनी शिकवलं. आईच्या मनात पांढरा संगमरवर होता कारण आजीच्या कबरीला तोच आहे. काका म्हणाले दिसायला चांगलाच, पण संगमरवर मऊ, पावसाने त्याची वरची चकाकी जाते, काळे डाग धरतो आणि काही वर्षांनी अक्षरं बोथट होतात, आणि लोक तो साफ करायला टॉयलेटचं अ‍ॅसिड वापरतात, त्याने तर तो खाल्लाच जातो. मग दक्षिणेतून येणारा काळा ग्रॅनाइट घेतला. त्यातही फसवणूक चालते हे मला माहीत नव्हतं, हलका करडा दगड काळ्या रंगाने रंगवून जेट ब्लॅक म्हणून विकतात आणि नागपूरचा ४५-४६ डिग्रीचा मे महिना त्याचा दोन-तीन वर्षांत रंग उतरवतो. काकांनी स्वतःच कापसावर नेलपॉलिश काढायचं लिक्विड घेऊन आमच्यासमोर दगडावर घासलं, कापूस पांढराच राहिला. म्हणाले जिथे जाल तिथे हे करा, कापूस काळा झाला तर दगड ठेवून निघून या. जाडीचंही तसंच, स्वयंपाकघराच्या ओट्याला १८ एमएम चालतो, उभ्या दगडाला तो लावून देणारे खूप आहेत, हे ४० एमएमच्या खाली उभा दगड करतच नाहीत.

आता जे मला खरं सांगायचंय ते. पावसाळ्यानंतर मजकूर ठरवायला आई, मी आणि भाऊ तिघं गेलो. भावाच्या मोबाईलवर पप्पांचा युनिफॉर्ममधला फोटो, त्याला तो लेझरने दगडावर पाहिजे होता, खाली महाराष्ट्र पोलिसांचा तो पंजा असलेला तारा, मोठा, आणि ब्रीदवाक्य. आईला फक्त क्रॉस आणि वचन पाहिजे. मला वाटत होतं पप्पांनी लोकांसाठी जे केलं ते कुठेतरी आलं पाहिजे. तिघांचं तीन तऱ्हा चाललं होतं आणि आवाज चढायला लागले होते. काकांनी चहा मागवला, स्टूल पुसून आईला बसवलं आणि म्हणाले, "दगडावर बसून-बसून पन्नास-साठ अक्षरं बसतेत ताई. त्याच्या आधी मले सांगा, साहेब होते कसे."

आणि आई बोलायला लागली. गेल्यापासून ती एवढी कधी बोलली नव्हती. शेडमध्ये मशीन बंद करून पोरगाही ऐकत उभा राहिला.

तिने बुटांपासून सुरुवात केली. आम्ही तेव्हा पोलीस लाईन टाकळीच्या क्वार्टरमध्ये राहायचो. शनिवारी रात्री पप्पा कितीही वाजता येवोत, जेवण झालं की दारात पेपर अंथरून बसायचे आणि आधी स्वतःचे ड्युटीचे बूट, मग माझे, भावाचे, आईच्या सँडल, आजोबा असेपर्यंत त्यांचेही, सगळे ओळीने पॉलिश करायचे. पितळी बकलवर ब्रासो लावून ते घासायचे तेव्हा आम्ही भाऊ-बहीण शेजारी बसून रविवारच्या शाळेचं वचन पाठ करायचो आणि ते चुकलं की न बघता हातातला ब्रश थांबायचा, बस. बरोबर म्हटलं की ब्रश परत चालू. ओरडले नाहीत कधी. सकाळी ड्युटी असली तर ते चर्चला येऊ शकायचे नाहीत, पण आमचे बूट चमकत असायचे, आई म्हणते तीच त्यांची उपासनेतली हाजरी होती.

मग डिसेंबर. पोलिसांच्या घरच्यांनाच माहीत आहे नागपुरात डिसेंबर म्हणजे काय असतो. हिवाळी अधिवेशन, मोर्चे, सुट्ट्या बंद, बाहेरून आलेला फौजफाटा, आणि आमच्या घरी तेव्हाच नाताळ. करंज्या, केक, घराला रंग, झालर लावणं, सगळं आईने एकटीने करायचं, आणि पप्पा रात्री येऊन फक्त स्टार लावायचे, चांदणी उंच बांबूवर टांगणं हे त्यांचं काम, ते त्यांनी कोणाला करू दिलं नाही. ३१ डिसेंबरचं तर आणखी कठीण, चर्चमध्ये रात्रीची वर्षअखेरची उपासना आणि शहरात नाकाबंदी एकाच वेळी. माझ्या लहानपणी पप्पा त्या उपासनेला आमच्यासोबत बसलेले मला आठवतच नाहीत. बारा वाजता चर्चची घंटा वाजली की आई आमच्या दोघांच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करायची आणि शेवटी म्हणायची, प्रभू, चौकात उभ्या असलेल्यांना सांभाळ. रिटायर झाल्यावर कोरोनाचे निर्बंध उठले तेव्हा पहिल्यांदा ते पूर्ण रात्र बाकावर आमच्या शेजारी बसले, कोट घालून, आणि बाराला घंटा वाजवायचा मान पाळकांनी त्यांना दिला.

चर्चचं त्यांचं वेड आजोबांकडून आलेलं. २९ नोव्हेंबर १९७० ला इथे नागपुरातच सहा वेगवेगळी चर्चेस एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं, त्या दिवशी आठ वर्षांच्या पप्पांना आजोबा बोटाला धरून घेऊन गेले होते. पप्पा ते नेहमी सांगायचे, म्हणायचे एवढी मोठी मोठी माणसं आपापले झेंडे खाली ठेवून एका रांगेत चालली हे मी डोळ्याने पाहिलं. मंडळीत भांडण झालं, आणि आमच्यात होतातच, पदावरून होतात, जागेवरून होतात, की पप्पा दोन्हीकडच्या लोकांना घरी जेवायला बोलवायचे, एकाच दिवशी, न सांगता. भजनाला ढोलकी त्यांची. दानपेटीची मोजणी कित्येक वर्षं त्यांच्याकडे होती, आणि ते नेहमी दुसऱ्या कोणाला तरी शेजारी बसवूनच मोजायचे, एकट्याने कधी नाही. पोलीसवाल्यावर लोक लवकर संशय घेतात म्हणायचे, देवाच्या पैशावर तर नकोच.

आणि बाकीचं सगळं शहर. आई सांगत होती आणि मी विसरलेल्या गोष्टी मला परत आठवत होत्या. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी इतवारीत मारबत, रामनवमीला पोद्दारेश्वरची शोभायात्रा, ताजबागचा उरूस, फुटाळ्यावर विसर्जन, दसऱ्याला दीक्षाभूमी. लोकांचा सण तो पप्पांचा बंदोबस्त. पण त्यांनी त्याला कधी नुसती ड्युटी म्हटलं नाही. दीक्षाभूमीला लाखो लोक येतात, बाहेरगावचे, गर्दीत लेकरं हरवतात, म्हणून पप्पांच्या पँटच्या दोन्ही खिशात पार्लेजीचे पुडे असायचे. आई रागवायची की खिशात चुरा होतो, युनिफॉर्म धुताना त्रास होतो. ते म्हणायचे रडणारं लेकरू आधी नाव सांगत नाही, आधी बिस्कीट खाते, मग नाव सांगते. हे वाक्य कारागीर काकांनी दोनदा म्हणून पाहिलं.

एक गोष्ट आईने तिथे सांगितली जी आम्हा मुलांना कधीच नीट सांगितली नव्हती. २३ नोव्हेंबर १९९४, गोवारी समाजाचा मोर्चा, चेंगराचेंगरीत ११४ लोक गेले, त्यात बायका आणि लेकरं किती. पप्पा तेव्हा ३२ वर्षांचे, त्या दिवशी त्यांची ड्युटी दुसरीकडे होती पण संध्याकाळी दवाखान्यात पाठवलं, ओळख पटवायला आलेल्या नातेवाईकांसोबत उभं राहायला. पहाटे घरी आले आणि अंगणात बसून राहिले, आत यायला तयार नव्हते. त्याच्यानंतर दर वर्षी त्या तारखेच्या जवळच्या रविवारी चर्चमध्ये प्रार्थनेसाठी लोकांच्या विनंत्या मागतात तेव्हा ते उभे राहून एकच विनंती ठेवायचे, गोवारी बांधवांच्या कुटुंबांसाठी. कारण विचारलं तर सांगायचे नाहीत. सीताबर्डीच्या उड्डाणपुलाला गोवारी शहिदांचं नाव दिलंय, त्याच्यावरून गाडी नेताना पप्पा बोलता बोलता थांबायचे हे मला माहीत होतं, का ते त्या शेडमध्ये कळलं.

काकांनी हे सगळं ऐकून घेतलं, मधे एकदाही घड्याळाकडे पाहिलं नाही, आणि मग भावाला म्हणाले की फोटोचं तुम्ही ठरवा, पण लेझरचा फोटो दगडाच्या वरवरच राहतो, अक्षर आत जाते. दुकानातल्या एका जुन्या नमुन्यावर दाखवलं, चेहरा पुसट होत आलेला आणि बाजूची खोल कोरलेली अक्षरं तशीच्या तशी. खात्याच्या चिन्हाबद्दल म्हणाले ते खात्याचं आहे, कागद असल्याशिवाय मी कोरत नाही. मला हे आवडलं, गिऱ्हाईक म्हणते म्हणून काहीही करून देणारे भरपूर आहेत. भाऊ थोडा नाराज झाला. मग काकांनीच सुचवलं, समोरच्या बाजूला क्रॉस, नाव, १९६२ आणि २०२४, खाली लहान अक्षरात सहायक पोलीस उपनिरीक्षक, नागपूर शहर पोलीस, आणि मत्तय ५:९. पूर्ण वचन घातलं असतं तर अक्षरं एवढी बारीक झाली असती की उभ्याने वाचता आली नसती, आणि शांती करणाऱ्यांचं ते वचन मंडळीतल्या लेकरांनाही पाठ आहे. भावाचं ब्रीदवाक्य दगडाच्या मागच्या बाजूला, एकाच ओळीत, सद्रक्षणाय खलनिग्रहणाय. मागे कशाला म्हणून भावाने विचारलं तर आईच बोलली, कबरस्तानात शिरताना आधी मागची बाजूच दिसते. तिथली रचना तशीच आहे, फाटकातून येताना आमच्या रांगेची पाठ दिसते. भाऊ गप्प झाला आणि मान हलवली.

काकांनी जाता जाता मला बाजूला घेऊन हळूच विचारलं की आईसाठी खाली जागा सोडायची का, पुष्कळ लोक सोडतात. मला उत्तर देता येईना. आईने ऐकलं होतं, लांबूनच म्हणाली, "सोडा हो, मोजून सोडा."

अक्षरांचं काम मी बसून पाहिलं, थोडं सांगते कारण पैसे नेमके कशाचे जातात ते कळावं. काका आधी ट्रेसिंग पेपरवर पेन्सिलीने ओळी मारून अक्षरं हाताने काढतात. कॉम्प्युटरचा फॉन्ट वापरत नाहीत असं नाही, पण जोडाक्षरं स्वतः दुरुस्त करतात. सद्रक्षणायमधला द्र असा काढला की र ची तिरपी रेघ द च्या पोटात नीट बसली, आणि क्ष ची गाठ बंद होऊ नये म्हणून आत तांदळाच्या दाण्याएवढी जागा सोडली, कारण ती जागा नसली तर कोरताना मधला दगडाचा कण उडतो आणि गाठीच्या जागी खड्डा होतो. मग दगडावर रबराची शीट चिकटवून तिच्यावर अक्षरं कापतात, कापलेला भाग काढतात आणि कॉम्प्रेसरच्या प्रेशरने वाळूसारखी बारीक कच मारतात, जिथे रबर नाही तिथेच दगड खणला जातो. कोपरे मात्र शेवटी छन्नीनेच साफ करतात. पप्पांच्या नावातली वेलांटी छन्नीने साफ करताना काकांनी श्वास धरला होता, मी पाहिलं. सोनेरी रंग भरायचा की पांढरा विचारलं, आईने पांढरा सांगितला. रंग काही वर्षांनी जाईल पण अक्षर तीन एमएम आत आहे, परत भरता येतं, त्याचे नाममात्र पैसे घेतात म्हणे.

आता तक्रार. काकांनी २ नोव्हेंबरच्या, म्हणजे आमच्यातल्या मृतांच्या स्मरणदिनाच्या, आत बसवून देतो असं कबूल केलं होतं. त्या दिवशी सगळं कबरस्तान मेणबत्त्या आणि झेंडूने भरतं, घरचे सगळे येतात, आणि पप्पांची ती पहिलीच २ नोव्हेंबर. दगड बसला नोव्हेंबरच्या शेवटी. पाऊस लांबला, जमीन ओली होती हे कारण खरं आहे, मी स्वतः चिखल पाहिला, आणि ओल्यात बसवला नाही हे बरोबरच केलं. पण फोन उचलायचा ना. मी आठवडाभर फोन करत होते, कोणी उचलत नाही, व्हॉट्सॅपवर निळ्या टिका आणि उत्तर नाही. आई त्या दिवशी लाकडी क्रॉसला हार घालून आली आणि दिवसभर जेवली नाही, नातेवाईक विचारत होते दगड अजून कसा नाही. आधी कळवलं असतं तर तिच्या मनाची तयारी तरी केली असती. नंतर काका स्वतः घरी येऊन आईची माफी मागून गेले, बसवायची मजुरी लावली नाही, पण एक स्टार मी याचाच कापला आहे आणि मुलाने हे वाचावं म्हणून लिहून राहिली आहे. बाबा रे, काम एवढं चांगलं करता, एका माणसाला फोनवर बसवा.

पैशाचं म्हणाल तर दगड, दोन्ही बाजूंचं कोरीव काम, खालचा पाया, वाहतूक सगळं मिळून ४०,००० च्या थोडं आत झालं. त्या कॅटलॉगवाल्याकडे पातळ दगडाचेही यापेक्षा जास्त सांगत होते. अर्धे आधी, अर्धे बसवल्यावर, पक्कं बिल दिलं.

एक पावसाळा झाला आता बसवून. दगड कुठेही कलला नाही, मी मोबाईलमधल्या लेव्हलने मापून पाहिलं. मेणबत्तीची काजळी समोरच्या बाजूला धरू नये म्हणून काकांनी सांगितल्याप्रमाणे खाली वाळूचा ट्रे ठेवतो, आणि धुवायला साधं पाणी, फार तर थोडा भांड्याचा साबण. मागच्या बाजूचं ब्रीदवाक्य पाहून खात्यातले दोन तरुण शिपाई, जे पप्पांना ओळखतही नव्हते, दुसऱ्या एकाच्या मातीला आले असताना तिथे थांबून समोर आले, नाव वाचलं आणि सॅल्यूट करून गेले, हे कबरस्तानच्या राखणदाराने आईला सांगितलं. आईने ते भावाला फोन करून लगेच सांगितलं.

जाणार असाल तर कबरस्तानच्या कमिटीची परवानगी आणि ठरलेलं माप लेखी घेऊन जा, काका त्याशिवाय दगड कापत नाहीत. मजकूर मराठीत पाहिजे असेल तर घरातल्या शुद्धलेखन येणाऱ्या माणसाला सोबत न्या आणि ट्रेसिंग पेपरवर सही करण्याआधी दोन वेळा मोठ्याने वाचा. गाडी गल्लीत लागत नाही, मेन रोडवर लावून चालत जा. २ नोव्हेंबरच्या आधी पाहिजे असेल तर उन्हाळ्यातच बोलून ठेवा आणि फोनच्या भरवशावर राहू नका, जाऊन या. रविवारी बंद असतं, शनिवारी दुपारनंतर मशीन बंद झालं की काका निवांत बोलतात.